दोन दाखव

"कापूस मोजला तं किलो समजते, गुर्जी. हे ब-दोन कायचं माप हाय?"

एका आईने मला हे विचारलं त्याला आता आठ वर्षं झाली. 1 मेचा दिवस, झेंडावंदन आटोपलेलं, ऊन सकाळी आठलाच टोचायला लागलेलं. वऱ्हांड्यात बसून मी निकाल वाटत होतो. ती बाई सातवी शिकलेली. प्रगतिपुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं आणि मग विचारलं. मी सांगितलं, ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के.

"थे समजलं," ती म्हणाली. "पण तिले येते काय, अन् येत नाई काय?"

मी म्हणालो, "चांगली आहे पोरगी. थोडा सराव कमी पडतो."

तिने मान हलवली आणि पोरीचा हात धरून निघून गेली. पुढच्या तासाभरात मी आणखी वीस-पंचवीस घरांना हेच वाक्य सांगितलं. दुपारी शाळेला कुलूप लावताना लक्षात आलं, त्या पोरीला नेमकं काय येत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. वर्षभर ती माझ्यासमोर बसली होती. नोंदवहीत तिच्या नावापुढचा एकही रकाना रिकामा नव्हता.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही, मुलांचीही लिहीत नाही. गाव एवढं लहान आहे की नुसतं 'तिसरीतला' म्हटलं तरी लोक बोट दाखवतील. पहिली ते चौथी, दोन खोल्या, आम्ही दोघे, पस्तीस-चाळीसचा पट. निम्मी मुलं गावातली, बाकीची कोलामपोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, चालत येणारी.

मूल्यमापनाची आमची पद्धत कागदावर वाचली तर मला ती आजही मनापासून आवडते. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे रोजच्या कामातून होणारं, 70; संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या पेपरचं, 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. म्हणजे सत्राअखेरच्या पेपरपेक्षा रोजच्या पाहण्याला वजन जास्त. आकारिक मूल्यमापनाची जी साधनं दिली, त्यात पहिलंच दैनंदिन निरीक्षण, दुसरं तोंडी काम. चाचणी त्यांच्यानंतर. ज्यांनी हा क्रम लावला, त्यांनी लहान मूल जवळून पाहिलं असणार.

पण रोज पाहायचं ते आम्ही मार्चअखेर एकदम लिहायला बसलो. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाईलवर फिरतात. विषयवार, इयत्तावार, वाक्यं घोटून गुळगुळीत केलेली. मीही त्यातून उतरवत होतो. त्या 1 मेच्या रात्री मी त्या मुलीचं पान उघडून पाहिलं. भाषेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आत्मविश्वासाने बोलते'. त्या पोरीने अख्ख्या वर्षात माझ्याशी आपणहून दहा वाक्यंही बोललेली नव्हती. कारणं सांगायला माझ्याकडे पुष्कळ होती: खिचडीच्या तांदळाचा हिशेब, तातडीने मागवलेली ऑनलाईन माहिती, एकाच वेळी दोन वर्ग. ती खोटी नाहीत. पण ते वाक्य खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं.

आमच्याकडे ऊन उतरेपर्यंत शाळा उघडत नाही, उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिराच घंटा वाजते. त्या जूनअखेर मी बाजारातून दोनशे पानी वही आणली. एका मुलाला चार पानं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे मुलाने काय केलं किंवा काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत. उजवीकडे उद्या मी काय करणार. उजवीकडे लिहायला काही सुचलं नाही तर डावीकडचंही लिहायचं नाही, एवढा एकच नियम. रोज पाच मुलं. त्याहून जास्त जमत नाही आणि जमवायला गेलं की पुन्हा खोटं लिहिलं जातं. ती माझी कच्ची वही. शासनाची नोंदवही वेगळी, ती मी नीट भरतो. आता ती या वहीवरून भरतो.

या वहीने मला काय दाखवलं ते सांगायचं तर पंचवीसची गोष्ट सांगावी लागेल.

यंदाच्या दिवाळीनंतरचे दिवस. कापूस फुटलेला, वर्ग अर्धा रिकामा. आहेत त्या मुलांना अंक सांगून लिहायला लावले. पंचवीस म्हटलं. तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं 52. पोडावरच्या एका मुलीनेही 52. त्या दोघांच्या मध्ये बसलेल्या मुलाने 25. या तिसऱ्याचं सगळंच नीटनेटकं असतं. पाटी पुसायलाही त्याच्याकडे स्वतंत्र फडकं. मी दोन चुका, एक बरोबर असं केलं आणि पुढे सरकलो. आणखी दहा वर्षं मी तसाच पुढे सरकत राहिलो असतो.

त्या रविवारी वेचणीला जाणाऱ्या मुलांच्या घरी निरोप द्यायला म्हणून शेताकडे गेलो. बांधावर संध्याकाळची मोजणी चालू होती. ताणकाटा झाडाच्या फांदीला टांगलेला, एकेक गाठोडं अडकवायचं आणि काटा वाचायचा. किलोला आठ रुपये वेचाई. 52 लिहिणारा मुलगा आईजवळ उभा होता. आईचं गाठोडं पंचवीस भरलं. मालकाने मोबाईल काढायच्या आत पोरगं म्हणालं, "दोनशे." मी विचारलं, कसं रे? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे काय विचारणं झालं. "दहाचे अंशी, आनखी दहाचे अंशी, अन् पाचाचे चाळीस."

दहा, आणखी दहा आणि पाच. पंचवीस कशाचं बनलंय ते या पोराला पक्कं माहीत होतं. मग पाटीवर 52 कुठून आलं?

घरी येताना रस्त्यात पुन्हा पुन्हा तोंडाने पंचवीस म्हणून पाहिलं, तेव्हा उजेड पडला. आपण म्हणतो 'पंच' आधी आणि 'वीस' नंतर. लिहितो मात्र दोन आधी, पाच नंतर. पोरगं ऐकलेल्या क्रमाने लिहीत होतं; पाच ऐकला, पाच लिहिला. त्याच्या कानात चूक नव्हती आणि समजुतीतही नव्हती. मराठी संख्यानामांची ही उलटी चाल आपल्या अंगवळणी इतकी पडलेली असते की ती उलटी आहे हे जाणवतच नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत तेलुगू बोलतात, तिथे पंचवीसला म्हणतात 'इरवै ऐदु', वीस पाच. जसं ऐकू येतं तसं लिहिता येतं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. चावडीवर चर्चा झाली तेव्हा मीही विरोध करणाऱ्यांत होतो. त्रेसष्ट हा शब्द गेला तर काय राहिलं, असं मला वाटत होतं. शब्दांवरचं माझं प्रेम आजही तेवढंच आहे. पण त्या बदलामागे कोणतं मूल उभं होतं ते मला तेव्हा दिसलं नव्हतं.

सोमवारी चिंचोक्यांचा डबा काढला. मुलगा, ती पोडावरची मुलगी. पंचवीस चिंचोके मोजा म्हटलं. दोघांनीही बरोबर मोजले. मग मी पाटीवर 25 लिहिलं, 5 वर बोट ठेवलं, "एवढे दाखव." दोघांनी पाच बाजूला काढले. मग 2 वर बोट ठेवलं. "आता हा दोन दाखव."

मुलाने क्षणभर विचार केला आणि उरलेला वीसचा सगळा ढीग माझ्याकडे ढकलला.

मुलीने दोन चिंचोके उचलून माझ्या हातावर ठेवले.

उरलेले अठरा तसेच पडून होते. मी विचारलं, "हे कोणाचे मग?" ती गप्प. तिच्या दृष्टीने 25 म्हणजे शेजारी शेजारी काढलेली दोन चित्रं होती, दोन आणि पाच. ती कोणत्याही क्रमाने काढली तरी तिला फरक पडत नव्हता. म्हणून 52.

ही 'दोन दाखव'ची रीत माझी नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजेंच्या विद्यार्थिनी कॉन्स्टन्स कामी यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांना 16 मधला 1 असाच दाखवायला सांगितला होता आणि कित्येक मुलांनी एकच वस्तू दाखवली होती. मी हे कधीतरी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि चहाबरोबर विसरलोही होतो.

आम्ही तिघं खाली बसलेलो पाहून तो तिसरा, 25 लिहिणारा, जवळ आला. "सर, मले बी विचारा ना." मला खरं तर गरज वाटत नव्हती. त्याचं बरोबर होतं. तरी विचारलं. त्याने भराभर पंचवीस मोजले, पाच काढले आणि 2 वर बोट ठेवल्यावर हसत हसत दोन चिंचोके माझ्या हातावर ठेवले.

त्या दिवशी मला खिचडी गोड लागली नाही. दोन चुकीच्या उत्तरांमागे दोन अगदी वेगळी डोकी होती आणि माझी लाल फुली दोघांवर सारखीच. जे बरोबर होतं ते तर सगळ्यात जास्त झाकलेलं निघालं. तो मुलगा पहिलीपासून अ-1 मध्ये आहे. त्याला दोन वर्षं कोणी काही विचारलंच नाही, कारण त्याच्या पाटीवर विचारण्यासारखं काही नव्हतं.

कच्च्या वहीत मग तीन ओळी गेल्या. पहिल्याच्या उजवीकडे लिहिलं: संख्या आधी 'वीस पाच' अशी सांगायची, लिहून झाली की 'पंचवीस' म्हणायचं. तीन-चार दिवसांत त्याचं बसलं. एकोणतीस आलं तेव्हा पुन्हा अडलं, त्याने 39 लिहिलं. कानावर 'तीस' पडलं, म्हणून तीन. मग एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, हे कापसाच्याच भाषेत सांगितलं. तीस किलोला एक किलो कमी भरलं. "मंग तं एकोणतीसच," तो म्हणाला.

त्याचं कौतुक करताना मला जपून बोलावं लागतं. शेतात हिशेब येतो म्हणून शाळेचं गणित आपोआप येईल, असं होत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. तो अभ्यास 2025 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. गिऱ्हाइकाशी तोंडी बिनचूक हिशेब करणारी मुलं शाळेच्या मांडणीतल्या तशाच गणितात अडखळली. आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात. वाचलं तेव्हा माझ्यासमोर माझीच दोन मुलं उभी राहिली, एक ताणकाट्याजवळची आणि एक स्वच्छ पाटीवाली. शिवाय ताणकाट्याजवळचं पोरगं फक्त रविवारी तिथे नव्हतं. आदल्या आठवड्यात तीन दिवस हजेरीत त्याच्यापुढे गैरहजर लिहिलं होतं. ते तीन दिवस मी काय शिकवलं ते त्याला मिळालं नाही, याची भरपाई 'दोनशे'ने होत नाही.

मुलीचं काम लांबलं. चिंचोके सुटे असतात, दहा एकत्र केले तरी ते सुटेच दिसतात. शाळेमागच्या कुडाला लावलेल्या गेल्या वर्षीच्या तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, होत्या, त्या विचारून आणल्या, वीतभर तुकडे केले. दहा झाल्या की सुतळीने बांधायची मोळी. मोळी सोडायची परवानगी नाही, दुकानदार दहाची नोट फाडून देतो का? दोन मोळ्या आणि पाच सुट्या. तीन मोळ्या आणि शून्य सुट्या. मग मोळ्यांतून वजाबाकी आणि तेव्हाच फक्त मोळी सोडायची.

आमच्यापासून वर्धा फार लांब नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला तिथे शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीमची शाळा उभी राहिली. मी एकदा तिथे जाऊन आलो आहे. सगळ्या मुलांच्या हातात आज टकळी द्यावी असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट तिथून घेऊन आलो. सूत तुटलं की ते कातणाऱ्याला कळतं, गुरुजींनी सांगावं लागत नाही. तुऱ्हाट्यांचंही तसंच झालं. एखाद्या मोळीत नऊच बांधल्या गेल्या तर शेवटी सुट्यांत एक जास्त उरते आणि मुलगी स्वतःच मोळ्या तपासायला लागते. माझी फुली तिथे लागतच नाही.

गणिताचं असं; वाचनाचं वेगळंच. वऱ्हाडीत ळ नाही. आमची मुलं 'डोळे'ला डोये म्हणतात, 'शाळे'ला शाया. मीही दर्यापूरकडचा, मीही डोयेच म्हणत होतो. तिसरीत असताना वाचताना 'काया ढग' म्हणालो म्हणून पट्टी खाल्ली, तळहातावर. त्यानंतर बरीच वर्षं मी मोठ्याने वाचलं नाही. एवढं असूनही शिक्षक झाल्यावर मी तेच केलं, पट्टी सोडून. वाचन तपासताना मूल 'बाभूय' म्हणालं की मी चूक मोजत होतो. एकदा दुसरीतली मुलगी वाचत होती: 'आजोबांचे डोये दुखत होते.' मी सवयीने पेन्सिल टेकवली आणि थांबलो. कागदावर ळ होता. तिने ळ ओळखला, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या बोलीत माझ्यापुढे ठेवला. जिला नुसती अक्षरं जोडता येतात ती 'डो-ळे' म्हणून थांबली असती. ही त्याच्या पुढे गेलेली होती आणि मी तिला मागे ओढत होतो.

आता वाचनात डोये चालतं. लिहिताना ळ काढायला शिकवतो, कारण उद्या ते दुसऱ्या कोणाला वाचायचं आहे. हा फरक मुलांना समजावून सांगितला तर चटकन कळतो. आमच्यापेक्षा लवकर कळतो.

पोडावरच्या मुलांचं याहून अवघड. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून तीन नोंदल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातल्या एका जमातीचं सहा वर्षांचं मूल माझ्यासमोर येऊन बसतं आणि मी त्याला प्रमाण मराठीत विचारतो, 'चित्रात काय काय दिसतं?' त्याने तो प्रश्न आधी कोलामीत न्यायचा, तिथे उत्तर शोधायचं, ते मराठीत आणायचं आणि मग अनोळखी माणसापुढे तोंड उघडायचं. एवढा प्रवास होईपर्यंत मी थांबत होतो का?

एकदा मोबाईल खिडकीत ठेवून स्वतःचा तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. प्रश्न, लगेच दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न, लगेच शेजारच्याला, लगेच माझंच उत्तर. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात असेच तास रेकॉर्ड करून मोजले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागले तर उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. वर्गात उभं राहून पाहा. घाम फुटतो. मी आता पाचपर्यंत मनात मोजतो, पोडावरच्या मुलांसाठी दहापर्यंत. पहिलीतल्या लेकरांसाठी चौथीतली मोठी बहीण शेजारी बसवतो आणि उत्तर कोलामीत आलं तरी ते उत्तर म्हणून लिहितो. मला कोलामी येत नाही, ही माझी उणीव आहे आणि ती मुलाच्या खात्यावर मांडता येणार नाही.

वह्या तपासण्याचंही सांगतो. चौथीच्या वह्यांत मी दहापैकी किती ते लिहायचो आणि खाली 'छान' किंवा 'लक्ष दे'. 1988 साली रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या मुलांवर केलेला प्रयोग वाचनात आला. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरावाली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. हे वाचून मी माझ्या मुलांकडे पाहिलं, तर वही हातात पडताच नजर आकड्यावर जायची, मग शेजाऱ्याच्या आकड्यावर, मग वही बंद.

आकडा काढून टाकला. एका मुलाने 304 मधून 158 वजा करून 254 आणले होते. चारातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून चार काढले, पाचातून शून्य काढला. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. मी खाली लिहिलं, '254 आणि 158 मिळवून बघ. 304 येतात का?' दुसऱ्या दिवशी वहीत त्याचं उत्तर होतं: 'नाई. 412 येते. कुठी तरी जास्त झाले.' मुलाने मला वहीत लिहिलेलं ते पहिलं पत्र. वडील मात्र शाळेत आले, "आकडा कुठी हाय, सर? पोरगा पास हाय का नापास?" त्यांचं चूक नाही. आयुष्यभर त्यांना आकड्यानेच मोजलं गेलं आहे. घटक चाचणीचे गुण नोंदवहीत असतात, ते त्यांना दाखवले. वहीत आकडा परत आणला नाही.

पास-नापासचा वाद गावात दर मे महिन्यात निघतो. आठवीपर्यंत ढकलत नेलं म्हणून पोरं बिघडली, असं पुष्कळांचं मत. शिक्षणहक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षेची वाट उघडली, तेव्हा बऱ्याच जणांना हायसं वाटलं. मला त्यात फारसं बोलावंसं वाटत नाही. 25 मधला दोन ज्याला कळला नाही, त्याला पुढे ढकललं काय आणि मागे ठेवलं काय, त्याच्यासमोर मोळी कोण बांधणार हा प्रश्न जिथल्या तिथेच.

आम्ही दोघा शिक्षकांनी गेल्या चार वर्षांत केलं ते एवढंच: दुपारच्या सुट्टीनंतरचा एक तास इयत्ता मोडायची. तिसरीतलं मूल शब्दांवर अडलं असेल तर ते शब्दांच्या गटात, दुसरीतलं गोष्ट वाचत असेल तर गोष्टीच्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ही प्रथम संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणातली उतरंड आम्ही उचलली. एका मुलाला तपासायला पाच-सात मिनिटं पुरतात आणि कागद एकच. महिन्याने गट बदलतात. मोठ्या मुलांना लहानांत बसायला लाज वाटेल अशी भीती होती. पहिले चार दिवस वाटली. नंतर वाचता यायला लागलं, तेव्हा त्यांना गट कोणता याची आठवणही राहिली नाही. वेचणीच्या दिवसांत हा तास सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, कारण पंधरा दिवसांनी आलेलं मूल धडा चुकला म्हणून हरवत नाही. ते जिथे होतं तिथूनच सुरू होतं.

त्या आईची धाकटी आता माझ्याकडे चौथीत आहे. यंदाच्या पालकसभेला ती आली, तेव्हा मी कच्च्या वहीतून एका चिठ्ठीवर उतरवून दिलं. गोष्ट वाचते, आपल्या शब्दांत सांगते. हातच्याची बेरीज येते. शून्य मध्ये आला की वजाबाकी अडते. प्रश्न विचारायला लाजते, पण मैत्रिणीला समजावून सांगते. तिने चिठ्ठी वाचली, घडी केली, पदराच्या टोकाला बांधली.

"हे समजलं," ती म्हणाली. मग निघता निघता वळून, "मंग आता तुमी काय करान?"

मी तिला वहीचं पान दाखवलं. उजवी बाजू.

हे लिहितोय तेव्हा डिसेंबर अर्धा झाला आहे. बाहेर नव्या तुरीला शेंगा भरल्या आहेत. पोडावरची मुलगी काल स्वतःहून उठून फळ्याजवळ आली. मी 43 लिहिलं होतं. न विचारता तिने चार मोळ्या उचलल्या, कडेवर लेकरू घ्यावं तशा धरल्या आणि तीन सुट्या काड्या दुसऱ्या हातात. स्वच्छ पाटीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पाटीकडे. तो अजून दोन चिंचोकेच देतो. बरोबर उत्तराची सवय मोडायला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त वेळ लागतो, असं दिसतंय.

त्याचं पान आत्ता समोर उघडं आहे. डावीकडे कालची ओळ: 'मोळ्या त्या ज्यांना येत नाई त्यायच्यासाठी हायेत ना, सर?' उजवीकडे लिहिलं आहे: उद्या तिच्या शेजारी बसवायचं. पंचवीस काड्या त्यानेच मोजायच्या, मोळ्या त्यानेच बांधायच्या, गाठ तिने दाखवायची. मग दोन दाखव म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं. दहापर्यंत.